घागरमाळेच्या भरवशावर

भाद्रपद लागला की मी चपला दाराकडे तोंड करून काढते. एरवी त्या कुठंही पडलेल्या असतात, एक सोफ्याखाली तर दुसरी थेट बाल्कनीत. पण पोळा झाला, बाजारात गौरींचे मुखवटे दिसायला लागले, की माझे पाय आपोआप उंबऱ्याशी थबकतात. चपला काढायच्या, वाकायचं, दोन्हींची टोकं बाहेरच्या बाजूला वळवायची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माझ्या नवऱ्याला हा आमच्याकडचा काही कुळाचार वाटला. त्यानं बिचाऱ्यानं स्वतःच्या चपलाही वळवून ठेवल्या. मग मी त्याला सांगितलं, की कुळाचार वगैरे काही नाही, पळताना अडखळू नये म्हणून.

मी लातूरची. नांदेडच्या एका कॉलेजात शिकवते, आणि स्टाफरूममध्ये माझ्या धास्तीची यथेच्छ चेष्टा होते. कुठल्याही खोलीत शिरले की मी आधी छताकडं बघते आणि मग दाराकडं. नाट्यगृहात कडेची खुर्ची मिळाली नाही तर नाटक माझ्या डोक्यात शिरत नाही. मुलीचा फोन लागला नाही की तासाभरात माझ्या मनानं तिला दवाखान्यात भरती केलेलं असतं. "मॅडम, तुम्ही काळजीत पीएचडी केली असती तर लवकर झाली असती," असं एक सहकारी म्हणतात. मी हसते. पण हसतानाही पंखा नीट फिरतोय ना, याकडं माझं लक्ष असतं.

यंदा गौरींच्या आधी अण्णाचा फोन आला. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं दोरांचं दुकान तोच चालवतो.

"शैले, दुसरा टप्पा आला," तो म्हणाला.

"कधी?"

"विसर्जन झालं की घर रिकामं करा म्हणायलेत. तात्पुरतं."

तात्पुरतं हा शब्द त्यानं असा उच्चारला, की माझ्या हातातला चहा मी तसाच खाली ठेवला.

लातुरात गोलाईच्या बाजूला आमची दोरगल्ली आहे. पुढं दुकान, मागं घर, अशी दोन्ही बाजूंना दाटीवाटीची ओळ. एकेकाळी बैलाला लागणारी कुठलीही वस्तू हवी असली, तर माणूस या गल्लीत यायचा. कासरे, वेसणी, मोरक्या, झुली, गोंडे, घागरमाळा. काथ्याचा आणि ओल्या सुतळीचा वास आमच्या कपड्यांना, पुस्तकांना, भाकरीलासुद्धा यायचा. घरांना माळवदं होती. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा जाड थर. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गळू नये म्हणून त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा. जुना काढायचा नाही, त्याच्याच वर नवा. बापू, म्हणजे माझे वडील, हे काम स्वतः करायचे. घमेली वर चढवायचे, माती पसरायचे, पाणी मारून चोपायचे आणि खाली येऊन अभिमानानं म्हणायचे, "आता बघा, थेंब यायचा न्हाई." खरंच यायचा नाही. घराची इतकी काळजी घेणारा माणूस दरवर्षी घराच्या डोक्यावर आणखी थोडं ओझं ठेवतोय, हे तेव्हा आख्ख्या मुलखात कुणाला सुचलं नव्हतं.

नंतर ही गल्ली मागं पडली. बैल कमी झाले, मोठे रस्ते नव्या वस्तीकडं गेले, दुकानंही तिकडं गेली. गल्लीत गटारं तुंबली, तारांची जाळी लोंबायला लागली, गल्लीच्या जुन्या कमानीवर पिंपळ उगवला. रिक्षावाले आत यायला कुरकुर करायचे. आणि मग एक दिवस योजना आली. जुन्या पेठेला पुन्हा ऊर्जितावस्था आणायची, तीही एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं. पहिल्या टप्प्यात समोरची ओळ, दुसऱ्यात आमची, तिसऱ्यात कमान आणि चौक. माळवदांवरची माती उतरवायची, तुळया तपासायच्या, भिंतींना आधार द्यायचा, पण दर्शनी भाग जुन्या वळणाचाच ठेवायचा. खाली गटारं, वर दिवे. गल्लीच्या तोंडाशी एक भलंमोठं चित्र लावलं होतं. त्यात दोरगल्ली इतकी देखणी दिसत होती की ओळखू येईना. फरशीचा रस्ता, नक्षीचे खांब, बाकडी, आणि हातात पिशव्या घेऊन हिंडणारी गोरीगोमटी माणसं. त्या चित्रात एकही सायकल नव्हती, एकही शेळी नव्हती, आणि मुख्य म्हणजे अण्णा नव्हता.

मला ही योजना आवडली होती, हे आधीच सांगते. माळवदाखाली अण्णा-वहिनी झोपतात या विचारानं मी वर्षानुवर्षं दचकत आले होते. ती माती उतरणार म्हटल्यावर मी देवाजवळ साखर ठेवली. पण घर रिकामं करायचं म्हटल्यावर दुसरीच धडकी भरली. तो आत राहिला तर छताची भीती. बाहेर पडला तर परत आत जाता येईल का, याची भीती. पहिल्या टप्प्यातली सगळी माणसं परत आली नव्हती. जुन्या पेठेतली जागा एकदा मोकळी झाली की तिच्यावर किती जणांचे डोळे असतात, हे लातुरात कुणाला सांगायला नको. अण्णाला रात्रंदिवस एकच प्रश्न पडला होता, आणि फोनवर तो मलाही तोच विचारत होता. "गेलो तर परत येईन का गं?"

मी चार दिवसांची रजा टाकली आणि एसटीत बसले. लोहा, अहमदपूर, चाकूर. सोयाबीन पिवळं पडायला आलं होतं. खिडकीतून येणारा वारा भाद्रपदाचा होता, थोडा दमट, थोडा उन्हानं भाजलेला. या वाऱ्याला मी कुठंही ओळखते. ते वर्ष असंच होतं.

त्या वर्षी मी सातवीत होते. विसर्जनाची मिरवणूक बघून, गुलालानं माखून आम्ही झोपलो, आणि पहाटे घर हललं. त्याबद्दल मी फार लिहीत नाही. किल्लारीकडच्या गावांचं जे झालं त्यापुढं आमचं काहीच झालं नाही. आमच्या भिंतीला एक भेग गेली, मडक्यांची उतरंड फुटली, बस्स. हिरवं इरकल नेसलेली आई आम्हा दोघांना दंडाला धरून फरफटत बाहेर घेऊन आली, एवढंच मला आठवतं. दुपारपर्यंत तिकडच्या बातम्या यायला लागल्या. गावंच्या गावं माळवदांखाली गाडली गेली होती. मातीखाली. गल्लीतल्या प्रत्येकानं तेव्हा मान वर करून आपापल्या माळवदाकडं पाहिलं, आणि मग त्याच्याखाली जायला कुणी तयार होईना.

अख्खी गल्ली शाळेच्या मैदानात जाऊन राहिली. पोती, ताडपत्र्या, जुन्या झुली, मिळेल ते बांधून आडोसे केले. बापूंनी दुकानातले दोर मोकळे सोडले. सगळं मैदान आमच्या दोरांनी बांधलेलं होतं, आणि आम्हा मुलांना, खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मजा वाटली. शाळा बंद, अभ्यास बंद, सगळ्यांच्या चुली शेजारी शेजारी. आमच्या समोरच्या दुकानातले चांदपाशाचाचा बाजा विणायचे. त्यांनी मैदानात बाजा मांडल्या आणि म्हाताऱ्या माणसांना त्यांवर झोपवलं. तात्पुरतं, तात्पुरतं, असं सगळे म्हणत होते. पण पितृपक्ष गेला, नवरात्र बसलं, तरी कुणी परत जाईना. जमीन अधूनमधून हलत होती, आणि ती हलत नसली तरी माणसं हलत होती. कुणी पुण्याच्या जावयाकडं गेलं, कुणी गावाकडच्या शेतात. गल्लीतली कुलपं वाढायला लागली.

बापूंना त्या कुलपांचा त्रास व्हायला लागला. ते रोज सकाळी गल्लीत जाऊन दुकान उघडून बसायचे, आणि बाहेर ट्रक गेला तरी उडी मारून रस्त्यावर यायचे. मग त्यांच्याच डोक्यातून एक युक्ती निघाली. पोळ्याची एक मोठी घागरमाळ विकायची राहिली होती, पितळी घंटांची, बैलाच्या गळ्यात भारी दिसणारी. ती त्यांनी मधल्या घरातल्या तुळईला टांगली. जमीन जराशी जरी हलली तरी घंटा वाजतील, आणि सगळ्यांना कळेल. बापूंनी मैदानात जाहीर केलं, "आठ दिस घंटा वाजल्या न्हाईत, तर समजायचं धरणी निवली. मग आपण आपल्या घरी."

माणसांना असं काहीतरी हवंच असतं. सरकारनं सांगितलेलं कुणी ऐकत नव्हतं, रेडिओवर कुणाचा विश्वास नव्हता, पण बापूंच्या घागरमाळेवर गल्लीचा विश्वास बसला. चांदपाशाचाचा म्हणाले, "बापू, तुम्हारी घंटी चुप रही तो हम बी सोते." रोज सकाळी कुणी ना कुणी विचारायचं, "वाजली का?" आणि ती वाजायचीच. ट्रकनं वाजायची, मांजरानं वाजायची, शेजारच्या गिरणीनं वाजायची. बापू पांढरेफटक होऊन बाहेर यायचे, आणि आठ दिवसांची गणती पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी खाणं टाकलं. गालफडं बसली. मैदानातल्या आडोशात ते उताणे पडून आभाळाकडं बघत राहायचे, आणि आई त्यांच्याकडं बघत राहायची. आई तशी कमी बोलायची. ती रोज घरात जायची, पटकन भाकरी थापायची, आणि टोपली घेऊन परत यायची.

मग कधीतरी घंटा वाजायच्या थांबल्या. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. बापूंना खरं वाटेना. आठवा दिवस उजाडला तेव्हा ते मैदानात आले आणि त्यांना धड बोलता येईना. "निवली," एवढंच म्हणाले. दिवाळीच्या आत अख्खी गल्ली घरी परतली. बायकांनी सडे घातले. चाचांनी जिलेबी वाटली. जे कुलपं लावून पुण्याला, गावाला गेले होते, त्यांतलेही काही आले. घागरमाळ तशीच राहिली. ती उतरवायची नाही, हा आमच्या घरातला नियम झाला. आई तेव्हापासून आम्हा दोघा भावंडांना दारापाशी झोपवायची, तिथं वारा लागतो म्हणून. स्वतः मधल्या तुळईखाली अंथरूण घालायची. तिथं उकडायचं खूप, पण ती जागा तिनं कुणाला दिली नाही.

नंतरची वर्षं भराभर गेली. लातूरचं नाव आधी भूकंपानं सगळीकडं गेलं होतं, मग बारावीच्या निकालानं गेलं. जून आला की जळकोटचे, किनवटचे, कंधारचे आईबाप गादीच्या वळकट्या आणि बादल्या घेऊन लातूरच्या स्टँडवर उतरायला लागले. क्लासच्या इमारती उठल्या, त्यांच्या मागं वसतिगृहं उठली, त्यांच्या मागं मेसचे डबे. बापू गेले, मग आई गेली. अण्णानं दुकानात कासऱ्यांच्या जागी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी लावली. "बैल गेले अन् पोरं आली," तो म्हणायचा. "बांधायला दोरी लागतीच." मागच्या परसातल्या स्लॅबच्या दोन खोल्या त्यानं क्लासच्या मुलींना दिल्या. त्या मुली मधल्या घरातून जाता-येता पाठांतर करायच्या, आणि परीक्षेच्या दिवसांत त्यांचे चेहरे बघून मला मैदानातले बापू आठवायचे. "काकू, ही माळ कधी वाजत नाही का?" असं एकीनं वहिनीला विचारलं होतं. "घराची राखण हाय ती," वहिनी म्हणाली होती. "वाजली न्हाई म्हणजे समदं ठीक हाय."

दोरगल्लीत पोचले तेव्हा समोरच्या ओळीतलं काम संपून तिला रंग लागलेला होता. खरं सांगायचं तर ओळ सुंदर दिसत होती. चाचांच्या जागी त्यांचा मुलगा सलीमभाई पुन्हा बसला होता. आता तो प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या खाटा आणि वसतिगृहाच्या गाद्या विकतो. त्याच्या शेजारची तीन शटर मात्र बंद होती.

"मी आलो न वापस," सलीमभाई म्हणाला. "पण ह्ये तिघं न्हाई आले. एकाचं भावाभावात भांडण लागलं. एकाला तिकडंच बरं वाटलं. एकाचं काय झालं कुणाला ठाव न्हाई."

"तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की. दुकानाला तात्पुरतं शेड दिल्तं, तिथून रोज यून बघायचो, दार हाय का जाग्यावर."

घरात अण्णा आणि योजनेची इंजिनिअर मुलगी समोरासमोर बसले होते. प्रज्ञा तिचं नाव, कंधारची, वय माझ्या विद्यार्थिनींएवढं. बारावीला ती लातुरातच होती, याच भागातल्या एका खोलीत तिनं दोन वर्षं काढली होती. वहिनीनं चहा आणला. तेवढ्यात बाहेर रस्त्याचा रोलर सुरू झाला आणि कप बश्यांमध्ये कडकड वाजायला लागले. मी सवयीनं वर पाहिलं. घागरमाळ गप्प होती. मी सुटकेचा श्वास सोडला आणि चहा घेतला. बश्या वाजत होत्या आणि मी निर्धास्त होते, यात काही चुकतंय हे माझ्या लक्षातही आलं नाही.

"काका, तुमच्या माळवदावर गुडघ्याएवढी माती आहे," प्रज्ञा म्हणाली. "कडेला खोदून पाहिलं मी. थरावर थर आहेत. तुळया जुन्या झाल्यात. आणखी एक पावसाळा मी इथं कुणाला झोपू देणार नाही."

"ते समजलं. पण मी परत येईन, ह्याची खात्री कोण देतंय?"

"कागदावर लिहिलेलं आहे."

"कागद ऱ्हाऊ द्या. तुमी द्या."

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "भिंतीची खात्री मी देते. तुमच्या परत येण्याची मी एकटी कशी देऊ, काका? माझी बदली होईल. टप्पा लांबेल. खोटं कशाला सांगू?"

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. इतकं खरं बोलणारं माणूस मला बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. पण अण्णानं मान फिरवली. "मग मी बी हलत न्हाई," तो म्हणाला. "पडलं तर पडलं. बापूची माळ हाय वर. वाजली की निघतो भाईर."

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत सगळं होतं. तिच्या निम्म्या सामानाची गाठोडी कोपऱ्यात बांधून झालेली होती, आणि तिचा नवरा एका माळेच्या भरवशावर त्या छताखाली बसून राहणार होता.   जा म्हणायची हिंमत नव्हती, राहा म्हणायचीही नव्हती.

"निदान तुळई तरी तपासू द्या," प्रज्ञा म्हणाली. "माळ थोडा वेळ उतरवावी लागेल."

अण्णानं वर माळेकडं पाहिलं. मग तो स्टुलावर चढला. दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. एवढ्या वर्षांची धूळ त्याच्या डोक्यावर सांडली. गाठ सुटेना म्हणून त्यानं दोर कापला, माळ दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि खाली उतरला. पितळी घंटांची एवढी मोठी माळ उतरली, पण तिचा आवाज झाला नाही.

त्यानं ती हलवली. आवाज नाही. जोरात हलवली. नुसती लाकडासारखी खटखट. मग त्यानं एक घंटा उलटी केली आणि आत बोट घातलं.

आत चिंधी होती. लोलकाभोवती घट्ट गुंडाळून काळ्या दोऱ्यानं शिवलेली. दुसऱ्या घंटेतही. तिसऱ्यातही. प्रत्येक घंटेत. अण्णानं एक चिंधी ओढून काढली आणि खिडकीपाशी नेली. धुळीखाली रंग हिरवा होता, आणि कडेला तांबड्या काठाचा तुकडा.

ते इरकल मी ओळखलं. त्या पहाटे आईच्या अंगावर होतं ते. नंतर तिनं ते कधी नेसलं नाही. विचारलं तेव्हा म्हणाली होती, बोहारणीला दिलं.

 बाहेर रोलर चालूच होता. माझ्या डोळ्यांपुढं आई आली, एकटी घरात शिरणारी, भाकरी करून टोपली घेऊन येणारी. बापू पुढं दुकानात बसायचे, पण त्या काळात मधल्या घरात जायला धजणारी ती एकटीच होती. धरणी निवली नव्हती. आईनं घंटा बांधल्या होत्या. आणि आम्ही सगळे, अख्खी गल्ली, त्या मुक्या घंटांवर विसंबून घरी परतलो होतो.

मला आधी आईचा भयंकर राग आला. एखादा मोठा धक्का बसला असता तर? कुणाला कळलंही नसतं. चांदपाशाचाचा, त्यांची नातवंडं, आम्ही. एवढी जोखीम तिनं कुणाला न विचारता घेतली. मी हे मोठ्यानं बोललेसुद्धा.

सलीमभाई दारात येऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "अब्बा म्हणायचे, आणखी एक महिना मैदानात काढला असता तर आम्ही हैदराबादला गेलो असतो," तो हळूच म्हणाला. "मग वापस कोण येतंय?"

"पर बापूला कळलं नसंल व्हय?" अण्णा म्हणाला. "सारा जन्म घंटा विकल्या त्या माणसानं."

यावर वहिनी बोलली. ती या घरात आली तोवर ते सगळं होऊन गेलं होतं, पण आईजवळ शेवटपर्यंत तीच होती. "वन्सं, एक सांगू? सासूबाई हितं, ह्या तुळईखालीच का निजायच्या, ते मला आज कळलं. मला वाटायचं, म्हातारीचा हट्ट. शेवटच्या दुखण्यात बी म्हणल्या, माझं अंथरूण हलवू नका."

तेव्हा माझा राग जागच्या जागी विरला. आम्हाला दारापाशी, वारा लागतो म्हणून. स्वतः बरोबर तुळईखाली. वाजणार नाही हे जिला ठाऊक होतं, तिनं पडलंच तर आधी स्वतःवर पडेल अशी जागा घेतली होती, आणि ती मरेपर्यंत सोडली नाही. लोकांच्या जिवाशी खेळण्याचा हक्क तिला होता का, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. पण तिला भीती वाटत नव्हती असं मात्र मी आता कधीच म्हणणार नाही. रात्री मी कूस बदलली की ती जागीच असायची. मला वाटायचं, उकाड्यानं झोप येत नसेल.

खात्री कुणीच दिलेली नव्हती. बापूंना नाही, गल्लीला नाही, आईला तर मुळीच नाही. ज्याला आम्ही इतकी वर्षं खात्री समजत आलो, ती एका बाईची फाडलेली साडी होती. मी छतांकडं, दारांकडं, चपलांकडं बघत वयाची चाळिशी ओलांडली, बापूंनी दरवर्षी माळवदावर माती चढवली तशी वर्षावर्षाला थोडी भीती अंगावर चढवत गेले, आणि समजत राहिले की यानं काही तरी टळतं. आमच्या घरातलं सगळ्यात घाबरलेलं माणूस मी आहे असं मला वाटायचं. ती आईच होती. ती फक्त त्या भीतीखाली पाठ टेकून झोपायची.

अण्णानं ती चिंधी मांडीवर सरळ केली. मग त्यानं ती परत लोलकाला गुंडाळली, होती तशी. प्रज्ञाकडं न बघता म्हणाला, "मॅडम, विसर्जन झालं की या किल्ली घ्यायला."

"काका, मी..."

"खात्री मागत न्हाई मी. माती तेवढी जपून काढा. बापूनं चढवलेली हाय."

गौरी जेवल्या, विसर्जन झालं, आणि मी रजा वाढवून घेतली. मैदानावर दुकानांसाठी पत्र्यांच्या शेडची रांग उभी होती. हे तेच शाळेचं मैदान, हे सांगायला नको. वहिनी जवळच्या भाड्याच्या खोलीत राहणार होती, आणि मालाच्या राखणीला अण्णा शेडमध्ये निजणार होता. नायलॉनच्या दोरीची बंडलं, बादल्या, उरलेसुरले कासरे, सगळं लावून झालं. शेवटी त्यानं घागरमाळ काढली आणि वरच्या लोखंडी पाइपाला बांधायला घेतली. मी टाचा उंचावून बघत होते. दूर गल्लीत आमच्या माळवदावरची माती घमेल्या-घमेल्यानं खाली यायला लागली होती, आणि अण्णा परत जाईपर्यंत दार जाग्यावर राहील का, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

मैदानाच्या कडेनं एक डंपर गेला. पत्रे थरथरले, बादल्या एकमेकींवर आपटल्या. माळ गप्प.

"अण्णा," मी म्हणाले, "चिंध्या काढून दे ना. धुऊन ठेवते. आईची साडी आहे. घंटाही वाजतील मग."

त्यानं गाठ आवळली आणि बरोबर तिच्याखाली आपली सतरंजी अंथरली.

"राहू दे," तो म्हणाला. "घरी जायस्तोर झोप लागायला पायजे."